माझा आवाज नव्या गिटारीत

मी एक जुनी गिटार आहे. भडगावच्या लीलाधर नानांच्या घरी खुंटीला टांगलेली असते. मित्रांनो, क्वचितच एखाद्या वाद्याच्या नशिबी येते असे काही मी गेल्या उन्हाळ्यात पाहिले. तेच सांगते.

माझा जन्म कोलकात्यातल्या एका लहान कारखान्यात झाला. पोकळ पोट, लांब मान आणि पोलादाच्या सहा तारा. नानांनी मला जळगावच्या दुकानातून आणले तेव्हा ते कॉलेजात होते. पुढे ते शाळेत संगीत शिकवू लागले आणि सुट्टीत त्यांचे गायक मित्र झुलालभाऊंच्या अहिराणी गाण्यांना साथ करू लागले. कानबाईच्या उत्सवात, हळदीच्या मांडवात, धुळ्यापासून बोदवडपर्यंत आम्ही फिरलो. लोक म्हणत, "झुलाल गास, आन् गिटार हुंकारा देस." ते ऐकून माझे लाकूड फुलून येई.

तीन वर्षांपूर्वी नानांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, चालणे सुधारले. पण डाव्या हाताच्या बोटांतला जोर गेला. पोलादाची तार दाबायला जोर लागतो. नानांनी दोनतीनदा वाजवून पाहिले, नुसता थडथड मुका आवाज निघाला. त्यांनी मला खुंटीला अडकवले. झुलालभाऊ आले की दोघे पीकपाण्याचे बोलत, गाण्याचा विषय निघत नसे. उन्हाने माझ्या पोटाला चीर गेली.

नानांची मुलगी दिपमाला जळगावला मेहरूणमध्ये राहून कॉम्प्युटरचे काम करते. सुट्टीत येताना तिने एक काळी, गुळगुळीत गिटार आणली.

"हाई काय शे?" नाना म्हणाले. "येले त तारच नही. वाजी कसं?"

"नाना, ही मिडी गिटार. हिला स्वतःचा आवाज नसतो. कोणता सूर दाबला, किती जोरात छेडला, एवढा निरोप ती कॉम्प्युटरला देते. आवाज तिथून निघतो. कळा मऊ आहेत, बोट नुसतं टेकवलं तरी पुरे."

नानांनी बोट टेकवले. बासरी वाजली! दिपमालाने काहीतरी बदलले, सनई वाजली. मग सतार. मी थक्क झाले. मी चाळीस वर्षे एकाच आवाजात बोलले. हिच्या पोटात पोकळी नाही, तरी शंभर गळे! ना तार तुटायची, ना सूर उतरायचा.

पण नानांनी ती हळूच खाली ठेवली. "गोड शे. पन आवाज मन्हा नही." आणि ते अंगणात जाऊन बसले.

खरे सांगते, क्षणभर मला बरे वाटले. मग त्यांचा चेहरा दिसला आणि माझी मलाच लाज वाटली.

सकाळी दिपमालाने मला उतरवले, माझी चीर पाहिली. "नाना, हिचा आवाज आहे तोवर कॉम्प्युटरात साठवून घेऊ. मी दाबते, तुम्ही छेडा. छेडणं तुमचंच पाहिजे."

मला नव्या तारा चढवल्या. पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर वैशाख. एकेक सूर आधी हळू, मग मोठ्याने. शेजारची म्हैस रेकली की पुन्हा पहिल्यापासून. नानांच्या पत्नी मंजुळाबाईंनी तर गल्लीतली पिठाची गिरणीही तासभर थांबवली. तीन दिवस बाप-लेकीचे हात माझ्यावर एकत्र चालले. शेवटचा उंच सूर निघाला आणि माझी चीर फाकली. तारा सैल पडल्या. मी कायमची मुकी झाले.

चौथ्या दिवशी दिपमालाने ते साठवलेले सूर नव्या गिटारीला जोडले आणि नानांनी ती मांडीवर घेतली. बोट टेकवले, आणि खोलीत माझा आवाज उमटला. तोच माझा घोगरा खर्ज! मी खुंटीवर गप्प, आणि मीच गात होते. अशा वेळी काय वाटते, ते मला अजून सांगता येत नाही.

झुलालभाऊ दारात चपला काढत होते. "लीलाधर, गिटार बरी कधी व्हयनी रे?" आत येऊन त्यांनी नवी गिटार पाहिली, ते खाली बसले आणि गाऊ लागले. मध्येच ते डोळे पुसायला थांबले. नाना थांबले नाहीत.

मित्रांनो, नवी मोठी की मी, असे मला विचारू नका. ती विजेवाचून मुकी, मी तिच्यावाचून. एवढेच मागते: जुन्या वाद्यावरची धूळ पुसा, त्याला उन्हापासून जपा. आणि घरात कुणाचे गाणे थांबले असेल तर त्याच्याजवळ बसा. त्याच्या हाताला जे जमत नाही तेवढे तुम्ही दाबा, छेडू त्यालाच द्या.