पाहुण्यांसाठी धुतलेलं दालन

अणुकेंद्रात सगळे त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणत, पण घरी लेकीपुढे त्यांची साहेबी चालत नसे. लेक डॉक्टर. "बाबा, तुम्ही तिथं वीज बनवता की बॉम्ब?" तिनं एकदा तोंडावर विचारलं. "वीज," हे उत्तर तिला पटलं नाही आणि ती घर सोडून गेली. तेव्हापासून अबोला.

म्हणून परदेशी तपासनीस येणार कळल्यावर साहेबांना हायसं वाटलं. कर नाही त्याला डर कशाला? एकदा सोक्षमोक्ष लागला की लेक परत येईल.

पण संचालकांच्या अंगात आलं ना! पाहुणे येणार म्हणून इंधनाचं दालन ॲसिडनं धुऊन काढायचं आणि वर रंगाचे दोन हात मारायचे, असा हुकूम सुटला.

"अहो, ते कापडानं धूळ टिपून तपासतात," साहेब म्हणाले. "आपल्या इंधनाची धूळ त्यांना सापडायलाच हवी. ते विजेचं आहे, बॉम्बचं नाही, हे त्या धुळीवरूनच कळतं."

"पाहुण्यांना धूळ दाखवू? देशाची काय अब्रू राहील?"

साहेब गप्प बसले. वरिष्ठांपुढे शहाणपण चालत नाही हे खरं, पण म्हणून गप्प बसणाऱ्याचं पाप कमी होत नाही.

तपासनीस बाईंनी भिंत पुसली, यंत्रं पुसली. कापड पांढरंशुभ्र. "इतकी वर्षं इथं इंधन बनतं म्हणता, आणि कणभर धूळ नाही? काय धुऊन काढलंत?"

झालं. जगभर बोभाटा झाला, निर्बंध आले, सुटे भाग बंदरातच अडकले आणि अणुभट्टी थंड पडली.

मग मंत्र्यांनी साहेबांना बोलावून घेतलं. "बदनाम तर झालोच आहोत. आता खरंच बॉम्ब बनवून टाकू. तुमच्याइतका जाणकार आहे कोण?"

साहेबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "बरं, सर," म्हणून ते घरी आले. जन्मभराची खोड, ती ऐनवेळी कशी सुटणार?

आठवड्याभरात लेकीचा फोन आला. "बाबा, तुमच्या संचालकांनी राजीनामा देऊन ते धुण्याचं सगळं पेपरात सांगितलंय. तुम्ही खरं बोलत होतात. मीच मूर्ख. उद्या घरी येऊ?"

"ये गं बाळा."

"एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे. वीजच ना, बाबा?"

"वीजच," साहेब म्हणाले. लेकीशी ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि या वेळी तिनं लगेच विश्वास ठेवला.