बत्ताशाचे पाय

लग्न होऊन हर्सूलच्या घरात आले तेव्हा माझ्याबरोबर एक कपाट, एक शिलाई मशीन आणि एक पांढरा ससा होता. सशाचं नाव बत्तासा. सासूबाईंनी, म्हणजे सारजाबाईंनी, पिंजऱ्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, लोकांच्या सुना आंदणात गाय आणतात, आमच्या सुनेनं हे आणलं, ना दुधाचं ना औताचं. मला राग आला. मला तो लवकरच येतो. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आपलंच बरोबर असतं अशीही एक सवय लागली आहे.

सासूबाईंचं नाव आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. इथली निम्मी तरणी पोरं त्यांच्या हातून न्हालेली आहेत. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळाला पायांवर आडवं घ्यायचं, तिळाच्या तेलानं चोळायचं, आणि शेवटी दोन्ही घोटे धरून, डोकं खाली करून, दोनदा झुलवायचं. त्यानं पाठ मोकळी होते, असं त्या सांगत. पण हल्लीच्या आयांना डॉक्टर असलं काही करू नका म्हणतात. शिवाय प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये मालिश शिकवणारी एक बाई असतेच. दोन वर्षं झाली, सासूबाईंना कुणाचं बोलावणं आलं नव्हतं.

जानेवारीत मला सातवा महिना लागला. माझी आई नाही, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. सासूबाईंनी तेल आणून ठेवलं, जुनी मऊ लुगडी धुऊन घड्या घातल्या, आणि मी निर्धास्त होते. टोमणे मारणारी असली तरी बाळाच्या बाबतीत या बाईच्या हातावर माझा डोळे झाकून विश्वास होता.

एका शनिवारी दुपारी शाळेतून आले. एरवी फाटकाचा आवाज ऐकला की बत्तासा उड्या मारत दारापर्यंत येतो. त्या दिवशी तो निघाला, पण पुढच्या दोन पायांवरच. मागचं अंग ओल्या टॉवेलासारखं फरशीवरून घासत येत होतं. दोनदा त्यानं उठायचा प्रयत्न केला, मग तिथंच बसून माझ्याकडे पाहत राहिला.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. सकाळी बरा होता, एवढंच म्हणाल्या. अतुल, माझा नवरा, वाळूजला कंपनीत होता. फोनवर म्हणाला, संध्याकाळी येतो, मग बघू. मी म्हटलं, तू बघ संध्याकाळी, मी आत्ताच चालले. बत्ताशाला खोक्यात टॉवेलावर ठेवलं आणि रिक्षा बोलावली. तर सासूबाई न बोलावता चपला घालून रिक्षात येऊन बसल्या. मला तेव्हा बरं वाटलं. चोराच्या मनात चांदणं, हे नंतर सुचलं.

आधी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर एका वासराला सलाइन लावत होते. भला माणूस, म्हणाले, गाई-म्हशींचं काहीही विचारा, ससा मात्र मी नोकरीत दोनदाच पाहिलाय, उगाच प्रयोग करत नाही. त्यांनी औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. शनिवारची गर्दी, एकेका गल्लीत रिक्षा अडकत होती. मी खोक्यात हात घालून बसले होते आणि बत्ताशाचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडत होतं.

तिथली डॉक्टर माझ्यापेक्षाही लहान दिसत होती. तिनं बत्ताशाचा मागचा पंजा चिमटीत धरून दाबला. पाय अगदी थोडासा आखडला. ती म्हणाली, कळतंय त्याला, ही चांगली गोष्ट आहे. मग विचारू लागली: खातो का, लघवी केली का, कुठून पडला का, कुणी उचललं होतं का? मी वर्गात बोलते तशा ठाम आवाजात सांगितलं की आमच्या घरात माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही.

डॉक्टरनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली. "याच्या अंगाला तेल कसलं?"

मी सांगणार होते की तेल कुठलं आलंय. तेवढ्यात मागून सासूबाई बोलल्या.

"म्या चोळलं सकाळी. आन् मग पाय धरून झुलीवला. लेकरावानी." जरा थांबून त्या म्हणाल्या, "लई जोरात झटकं मारले त्यानं. तवाच सोडाया पायजे व्हता."

डॉक्टर रागावली नाही. तिनं समजावून सांगितलं: सशाची हाडं हलकी असतात आणि मागचे पाय भलतेच ताकदीचे. लटकवलं की तो घाबरून लाथा झाडतो, आणि स्वतःच्याच जोरानं त्याची पाठ दुखावते, कधी मोडतेही. एक्स-रे फोटो काढला. मोडलेलं काही दिसलं नाही, मार मणक्याजवळ होता आणि आत सूज असावी. दुखण्याचं औषध दिलं, सहा आठवडे लहान खोक्यात ठेवायचा, उड्या नाहीत, तेल नाही, चोळणं नाही. खालचं अंग कोरडं ठेवायचं आणि गवत खातोय यावर नजर ठेवायची. चालेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगता येत नाही, वाट पाहू.

परतीच्या रिक्षात मी गप्प बसायला हवं होतं. पण जित्याची खोड. मी म्हटलं, "आई, उद्या माझ्या बाळालाही असंच धरणार होता ना?"

 हर्सूल येईपर्यंत सासूबाई आपल्याच तळहातांकडे बघत होत्या.

घरी आल्यावर तेलाची बाटली कपाटावर, अगदी मागे गेली. सासूबाई बत्ताशाचं सगळं करू लागल्या, पण त्याला उचलत मात्र नसत. मी शाळेत असले की दर दोन तासांनी फडकी बदलायच्या, कोमट पाण्यानं खालचं अंग पुसायच्या, तेही तो खोक्यात असतानाच, एका बोटानं. रात्री अतुल त्याला बाहेर काढायचा तेव्हा त्या बाजूला सरकून उभ्या राहायच्या. माझा राग दोन दिवसांत ओसरला होता. पण बोललेला शब्द परत कसा घ्यायचा ते मला येत नव्हतं. बाळाला तेल कोण लावणार, हा विषय घरात कुणी काढत नव्हतं.

दहा दिवसांनी पुन्हा औरंगपुऱ्यात गेलो. पायात फारसा फरक नव्हता. डॉक्टर म्हणाली, मावशी, टेबलावर ठेवा त्याला. सासूबाईंनी हात पदराखाली घेतले. डॉक्टरला काय समजायचं ते समजलं असावं. तिनं त्यांचे हात धरून बाहेर काढले आणि दाखवलं: एक हात छातीखाली, एक बुडाखाली, आणि त्याचे पाय आपल्या पोटाला टेकलेले. "पाय टेकले की त्याला वाटतं आपण जमिनीवर आहोत. मग तो झटके मारत नाही." सासूबाईंनी बत्ताशाला उचललं. तो निवांत बसला, त्यांच्या पोटाशी नाक खुपसून.

त्या दुपारी खोक्याशी बसून गवत निवडता निवडता त्या आपण होऊन बोलल्या.

"दोन वर्सं झाली, लेकरू नाय हातात. तुझं येनार. म्हनलं, हात इसरला का काय, बघावं. म्हनून त्याला घेतला."

मला फार लाज वाटली. मी म्हटलं, चहा टाकते. चहा टाकताना रडले.

तिसऱ्या आठवड्यात बत्ताशाचा उजवा पंजा हलला. सासूबाईंनी मला शाळेत फोन करून सांगितलं, मी वर्गातून बाहेर येऊन ऐकलं. पाचव्या आठवड्यात तो चारही पायांवर उभा राहिला, डुगडुगत, आणि एका बाजूला कलंडला. डावा पाय अजून थोडा फरफटतो. डॉक्टर म्हणते, तो तसाच राहील, आणि त्याची त्याला काही पडलेली नाही.

मार्चअखेरीस मला मुलगी झाली. नाळ पडली, बारसंही झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी तेल कोमट करून वाटी माझ्याशेजारी आणून ठेवली. म्हणाल्या, "तू लाव. म्या हितं बसून सांगते." आणि खरंच भिंतीला टेकून बसल्या, हात पदराखाली.

मी वाटी उचलली आणि त्यांच्यापुढे ठेवली. पाट आणला. मुलीला घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी मी वाईट बोलले. धरा हिला."

त्यांनी लगेच घेतलं नाही. आधी हात पुसले. मग पाय लांब केले, मुलीला पायांवर घेतलं आणि इतक्या हलक्या हातानं तेल लावलं की ती मधेच झोपून गेली. पोट, पाठ, तळवे. सगळं झालं. आता घोटे धरून झुलवायची वेळ आली, निदान इतकी वर्षं तरी ती इथंच यायची. बत्तासा पाटाशी येऊन वाटीचा वास घेत होता.

सासूबाईंनी एक तळवा मान आणि पाठीखाली घातला, दुसरा बुडाखाली, आणि मुलीला उचलून तिचे दोन्ही पाय आपल्या पोटाला टेकवले.

मी म्हटलं, "आई, ते तर सशाचं सांगितलं होतं."

"नाय," त्या म्हणाल्या. "ते मला सांगितलं व्हतं."