स्वच्छ धुतलेली पेटी

द्वारकाबाई परभणीहून कर्वेनगरला मुलाकडे आल्या त्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला. ऑपरेशन झालं, गुडघा बरा झाला, आणि मुलगा म्हणाला, आता परत कुठे जातेस. त्या राहिल्या. मुलगा पृथ्वीराज सकाळी चाकणच्या कारखान्याची बस पकडायचा तो दिवेलागणीनंतरच उगवायचा. सून तनुजा काही दिवस हिंजवडीला ऑफिसात जायची आणि उरलेले दिवस आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉपशी इंग्रजीत बोलायची. तेव्हा दिवसभराची सोबत म्हणून द्वारकाबाईंच्या वाट्याला हॉलमधली माशांची पेटी आली. पेटीत मासे नव्हते.

बाकी सगळं होतं. तळाशी बारीक खडी होती, ती तनुजाने बाथरूममध्ये बसून तांदूळ धुवावेत तशी धुतली होती. एक वाकडं लाकूड होतं, ते उकळून घेतलं होतं. हिरवी झुडपं होती. पाणी गरम ठेवायला काचेची नळी होती, पाणी गाळायला एका कोपऱ्यात डबा होता आणि त्या डब्यात स्पंज. दिवा सकाळी आपोआप लागायचा आणि संध्याकाळी आपोआप विझायचा. कशासाठी, ते द्वारकाबाईंना कळत नव्हतं.

"मासे कधी आणायचेत?" त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"अजून पाणी तयार नाही आई."

"तयार नाही म्हणजे? नळाला येतंय की."

तनुजाने समजावून सांगितलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते आधी मारायचं. मग पाण्यात अमोनियाचे थेंब घालायचे. तो खाणारे जिवाणू हळूहळू स्पंजात वाढतात. ते पुरेसे झाले की मग मासे. नाहीतर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि परभणीच्या बहिणीला फोनवर सांगितलं, "आमची सून पाण्यात विष घालून किडे पाळायली. चांगली शिकलेली हाय."

तनुजाच्या या चिकाटीला एक कारण होतं, ते द्वारकाबाईंना पृथ्वीराजने सांगितलं. लग्न झालं त्या वर्षी त्याने हौसेने एका काचेच्या वाडग्यात दोन मासे आणले होते. ते चार दिवसांत गेले. तनुजाने ते गॅलरीतल्या कुंडीत पुरले आणि त्यानंतर बरेच दिवस ती गॅलरीत गेली नाही. यावेळी तिने पृथ्वीराजला कशातच हात लावू दिला नव्हता.

"दोन माशांसाठी एवढं?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"मी पण हेच म्हणालो होतो," पृथ्वीराज म्हणाला, "एकदाच."

दिवस जात राहिले. तनुजा ऑफिसातून आली की चप्पल काढायच्या आधी पेटीकडे जायची, एका बारीक नळीत पाणी घ्यायची, त्यात औषध टाकून हलवायची आणि नळी उजेडात धरून रंग बघायची. द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या दारातून सुनेचा चेहरा बघायच्या. आज रंग बरा दिसतोय, एवढं त्यांना त्यावरून कळायला लागलं होतं.

मात्र पाणी दिवसेंदिवस खराब होत चाललं. आधी दुधाळ झालं. मग लाकडावर पांढरं, बुळबुळीत काहीतरी धरलं. काचेवर तपकिरी डाग आले. येणारा-जाणारा विचारायचा, मासे मेले का? द्वारकाबाई सांगायच्या, नाही, यायचेत. मग येणारा पाण्याकडे बघायचा आणि विषय बदलायचा.

द्वारकाबाईंचा जन्म भांडी लख्ख ठेवण्यात गेला होता. परभणीच्या त्यांच्या गल्लीत त्यांच्या पितळेच्या घागरीत बघून बायका कुंकू लावायच्या. त्यामुळे एका मंगळवारी, तनुजा हिंजवडीला गेलेली असताना, त्यांच्या मनात जे आलं ते साहजिकच होतं. पोरीला वेळ होत नाही. कामावरून दमून येते, मग त्या घाण पाण्यात हात घालते. आपण करून ठेवू.

त्यांनी प्लग काढला. तांब्याने पाणी उपसून बादल्या भरल्या आणि मोरीत ओतल्या. काच आतून पुसली. लाकूड घासलं. खडी पुन्हा धुतली. स्पंज तर असा निघाला की त्यांनी नाक मुरडलं. नळाच्या धारेखाली धरून त्यांनी तो पिळला, पुन्हा पिळला, पाणी स्वच्छ येईपर्यंत पिळत राहिल्या. साबण मात्र लावला नाही. मासे यायचेत, त्यांच्या पोटात जायला नको, एवढा विचार त्यांनी केला होता. मग पेटी नळाच्या ताज्या पाण्याने भरली, प्लग लावला, आणि गुडघा चोळत समोर बसल्या. पेटी शोरूममधल्यासारखी चमकत होती.

तनुजा आली. चप्पल पायात तशीच ठेवून पेटीपाशी गेली आणि थांबली.

"मी केलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुला कुठं वेळ असतो."

तनुजाने वाकून कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "स्पंजसुद्धा?"

"तो तर लई घाण होता. चांगला पिळला."

"नळाखाली?"

"मग कुठं पिळणार?"

"हो," तनुजा म्हणाली. "छान झालंय आई. दमला असाल, बसा." आणि आत गेली.

ती ओरडली असती तर द्वारकाबाईंना उत्तर देता आलं असतं. उत्तरं त्यांच्याकडे भरपूर होती. पण रात्री जेवताना तनुजाने त्यांना आग्रहाने दुसरी भाकरी वाढली, आणि तेव्हा द्वारकाबाईंनी ओळखलं, काहीतरी मोठं बिनसलं होतं.

जेवणं झाल्यावर त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. "खरं सांग. मी काय केलं?"

"काही नाही आई. तुम्हाला माहीत नव्हतं."

"ते आता झालं. पण काय केलं?"

तनुजाने सांगितलं. स्पंजात जे वाढत होतं ते सगळं गेलं. क्लोरीनने मेलं, उरलेलं मोरीत गेलं. आता पहिल्यापासून.

"पण त्यात काहीच दिसत नव्हतं गं."

"दिसत नाहीच ते."

दुसऱ्याच्या घरातलं न दिसणारं काहीतरी आपण मारलं, याबद्दल नेमकं किती वाईट वाटून घ्यायचं ते द्वारकाबाईंना कळेना. मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं.

"म्हणजे मी विरजणाचं भांडं घासून ठेवलं."

तनुजाने त्यांच्याकडे पाहिलं. "हो. अगदी तेच."

"मग त्यात काय एवढं? विरजण संपलं की शेजारून आणतात."

"शेजारी कुणाकडे मिळणार? जुन्या, चालू टँकमधला स्पंज लागतो. जितका घाण तितका चांगला." तनुजाने छताकडे पाहिलं. "वरच्या सुखदेव काकांकडे आहे तसा टँक. पण त्यांच्याकडे आपण कसं जाणार?"

प्रश्न बरोबर होता. सुखदेव हे वरच्या मजल्यावर एकटे राहणारे गृहस्थ, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या कुंड्यांचं मातकट पाणी एकदा द्वारकाबाईंच्या वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांवर पडलं होतं. त्यावर द्वारकाबाई तडक सोसायटीच्या मीटिंगला गेल्या होत्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "वर मानसं राहतात का डुकरं?" त्या दिवसापासून सुखदेव त्यांना लिफ्टमध्ये भेटले की तोंड फिरवायचे. लिफ्टला आरसा होता, त्यामुळे हे सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजाची मीटिंग सुरू झाली, आतून इंग्रजी ऐकू यायला लागलं, तशी द्वारकाबाईंनी एक झाकणाचा डबा घेतला. लिफ्ट बंद होती. कठडा धरून त्या एक मजला चढल्या आणि बेल दाबली.

सुखदेवांनी दार उघडलं. डब्याकडे पाहिलं.

"काय, पापड्या आणल्यात?"

"नाही भाऊ. मागायला आलेय."

भाऊ हा शब्द ऐकून सुखदेव दारात जरा सरळ उभे राहिले. "काय हवंय आपल्याला?"

"घाण."

"कसली?"

"तुमच्या माशांच्या पेटीतली. स्पंजातली. आमच्या सुनेला पायजे."

सुखदेवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, आपण मीटिंगमध्ये माझ्या घाणीबद्दल जे बोललात ते इतिवृत्तात आहे. एकमताने मंजूर झालेलं."

"मला माहीत हाय."

"आणि आज तीच घाण डब्यात भरून हवी आहे."

"हाव."

"चांगली आहे म्हणता?"

द्वारकाबाईंनी डबा पुढे केला. "चांगली हाय. द्या आता, गुडघा दुखायलाय."

"मग आत बसा की. दारात कशाला उभ्या आहात?" सुखदेव म्हणाले आणि खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली.

त्यांची पेटी भिंतभर होती. काच इतकी हिरवी, की आत काय आहे ते अंदाजानेच समजायचं. अंधारातून एक मोठा, म्हातारा मासा पुढे आला, द्वारकाबाईंकडे बघून गेला.

"हिने आणलेला," सुखदेव म्हणाले. "ती गेली. हा आहे. काच पुसली की हा दोन दिवस खात नाही, म्हणून मी पुसत नाही."

द्वारकाबाई काचेजवळ वाकल्या. "नाव काय त्याचं?"

"नाव ठेवायला तो काय माझं ऐकतो?"

त्यांनी स्पंज बाहेर काढला. द्वारकाबाईंनी काल पिळलेला स्पंज याच्यापुढे देवघरात ठेवण्याजोगा होता. सुखदेवांनी कात्रीने तो निम्मा कापला, डब्यात ठेवला आणि वर पेटीतलंच पाणी ओतलं. "वाळू द्यायचा नाही. नळाखाली धरायचा नाही. आणि कृपा करून धुवायचा नाही."

"कळलं हो मला," द्वारकाबाई म्हणाल्या. "एकदा सांगितलेलं कळतं."

"ते मी मीटिंगमध्ये पाहिलं."

डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. द्वारकाबाई जिना उतरत होत्या तसं काळं पाणी पायरीपायरीवर ठिबकत होतं. त्यांनी ते पाहिलं. पुसायला थांबल्या नाहीत.

तनुजा कानाला ते यंत्र लावून बोलत होती. द्वारकाबाईंनी दार ढकललं आणि डबा तिच्या नाकासमोर धरला. तनुजाने आत पाहिलं. वास आला. ती बोलता बोलता थांबली, मग लॅपटॉपला "दोन मिनिटं" असं मराठीतच म्हणाली आणि उठली.

"तुम्ही वर गेला होतात?"

"उडत तर नाही आले."

"काय म्हणाले काका?"

"बस म्हनाले. त्यांची बायको गेलेली मला माहीतच नव्हतं."

दोघी पेटीपाशी गेल्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तनुजाने औषध घालून रात्रीच मारलं होतं. तिने डब्यातला स्पंज गाळणीत सरकवला आणि बटण दाबलं. क्षणात तपकिरी ढग उठला आणि काल इतकी मेहनत घेऊन चमकवलेली पेटी गढूळ होऊन गेली. द्वारकाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

"मी नाही पुसत," त्या म्हणाल्या.

यावर तनुजा हसली. आतून लॅपटॉप तिला हाका मारत होता, तरी ती हसत राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला आपल्यासमोर असं हसताना द्वारकाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. हसण्यासारखं आपण नेमकं काय बोललो, ते काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

विरजण लागलं. नळीतला रंग रोज थोडा थोडा बदलत गेला. आता नळी उजेडात धरून बघायला दोघी असायच्या. द्वारकाबाईंना औषधाची नावं येत नव्हती, पण हिरवा वाईट आणि पिवळा चांगला हे पक्कं झालं होतं. पिवळा टिकला तेव्हा तनुजाने निम्मं पाणी बदलून घेतलं आणि रविवारी दोघी रिक्षाने दुकानात गेल्या.

दुकानदाराने जाळी घातली की द्वारकाबाई म्हणायच्या, "तो नको, सुस्त हाय. तो बघा पलीकडचा." दुकानदार म्हणाला, आजी, सगळे सारखेच आहेत. द्वारकाबाई म्हणाल्या, मग तो पलीकडचा द्यायला काय होतंय? अंगावर निळी चमकती रेघ असलेले, नखाएवढे मासे पिशवीतून घरी आले. येताना पिशवी द्वारकाबाईंच्या मांडीवर होती आणि स्पीडब्रेकर आला की त्या रिक्षावाल्याला नाव घेऊन सांगत होत्या. नाव त्यांनी बसतानाच विचारून घेतलं होतं.

पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली. मग हळूहळू पेटीतलं पाणी पिशवीत. मग मासे पेटीत. मासे सरळ लाकडामागे गेले आणि दिसेनासे झाले.

"आता?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आता थांबायचं. घाबरलेत."

तनुजाने पेटीतला दिवा बंद केला, हॉलमधला लावला नाही. दोघी जमिनीवर बसल्या. द्वारकाबाईंनी गुडघ्याखाली उशी घेतली. बाहेर अंधारून आलं. लाकडामागून एक निळी रेघ थोडी पुढे आली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. तिच्यामागे दुसरी.

तेवढ्यात दाराला चावी लागली. मित्राकडे गेलेला पृथ्वीराज आत आला, अंधारात चाचपडला, बटण सापडलं आणि हॉलभर लख्ख उजेड पडला. जमिनीवर बसलेली आई आणि बायको पाहून तो घाबरला.

"काय झालं?"

"बंद कर तो," दोघी एकदम म्हणाल्या.

त्याने दिवा बंद केला आणि बूट हातात घेऊन तो तिथेच उभा राहिला.