शेंडा ना बुडखा

कलमावर केळीच्या सोपाची गाठ, ओली. बुटाच्या टाचेखाली शेरभर काळी माती. बायकोने डब्यात पुन्हा कारलं दिलंय. कचेरीच्या पाटीवर रंगाऱ्याने 'उद्यान विशेषज्ञ'मधला 'ज्ञ' मोडून ठेवलाय आणि तो कुणालाही खटकत नाही. उलटा डोळा.

उलटा! वामनराव वाकले. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीचा डोळा भरलेला—पानाच्या देठाचा वण खाली हवा तो वर, डोळा त्याच्याखाली. म्हणून कोंब आधी जमिनीकडे निघालेला आणि मग मान मुरगळल्यासारखा वळून वर आलेला. शेजारचं कलम तसंच. त्यापुढचंही... तीन हजार कलमं माना मुरगळून उभी, आणि ही माणसं ती आर्णीच्या बागाईतदारांना विकणार होती—नव्या राज्याच्या शिक्क्याचा दाखला मिळाला तर. दाखला माझ्या पेनात आहे, या विचाराने त्यांना बरं वाटलं. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या हातात चाकू दिला की हेच होणार. नागपूरला चार वर्षं मी शिकलो, ते काय यांच्यासाठी...

"सगळी उपटा."

रोपवाटिकेचा मालक प्रेमसिंग वाफ्याच्या कडेला उभा होता. दोन वर्षं कापूस सोडून त्याने हेच केलं होतं. त्याची बायको मानीबाई चाकू लुगड्याला पुसत पुढे आली.

"कायले उपटाचं, साहेब? तुमीच तं असं दाखवलं."

"मी?"

"आर्णीले, कलमं शिकवाले आले तवा. तुमी टेबलाच्या तिकडून, आमी इकडून. तुमच्या हातात नुसती कांडी. तिले शेंडा ना बुडखा. जसं दिसलं तसं केलं."

"डोळ्याचं तोंड कुठे असतं, एवढी अक्कल नाही?"

"हाय ना. म्या इचारलं बी. तुमी म्हणले, बाई, मधात बोलू नको." मग नवऱ्याकडे वळून, "मले वाटलं, सरकारचा नवा कायदा असंन. झाडाले पयले पाया पडाले लावत असंन."

प्रेमसिंग हसला. वाफा जाणार हे दिसत असूनही हसला.

टेबल... खाली बसलो असतो तर विजार मळली असती. मुळासकट रोप आणलं असतं तर चिखल. म्हणून शिपायाकडून कांडी तोडून आणवली, टेबलावर आडवी ठेवली—समोरच्यांना वरचं खाली दिसणार, हे मूर्खालाही... मूर्ख त्यांना नेहमी समोरच सापडत असे. आज समोर मानीबाई होती, तिच्या बोटांवरचे घट्टे होते, आणि गाठ न् गाठ पुस्तकातल्या चित्राहून नेटकी. तीन हजारांत एकही डोळा वाळलेला नव्हता. इतकं बिनचूक चुकीचं...

त्यांनी पेन उघडलं. 'डोळे उलटे भरलेले. कारण—'

कारणापुढे तिचं नाव सहज मावलं असतं. तिरस्कार होता तेवढाच होता. तो कुठे ठेवावा, एवढंच कळेना.

"लिवा ना, साहेब," प्रेमसिंग म्हणाला.

आर्णीला त्या दिवशी वामनरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने डोळा भरला होता.