चौथ्या गाडीची जागा

आमच्या ह्यांच्या तीन जुन्या गाड्या आहेत आणि तिन्ही माझ्या सवती. एक काळी, तिला हे म्हातारी म्हणतात. एक हिरवी. एक ठेंगणी, दोनच दारांची, तिच्यात बसलं की बाहेर काढायला दोन माणसं लागतात. ह्यांनी जन्मभर वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि निवृत्त झाल्यावर भंगारातून या तिघींना उचलून आणून पुन्हा रस्त्यावर पळवलं. माझ्या गुडघ्याचं औषध आणायला सांगितलं तर विसरतील, पण हिरवीच्या बिजागऱ्यांना दर रविवारी तेल म्हणजे तेल. असो. घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा गॅरेजमध्ये बसलेले बरे, म्हणून मी गप्प होते.

मग चौथी सापडली. कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये पडली होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. हे घरी आले ते नवरदेवासारखे फुलून. "अगं, अशा आता बघायला मिळत नाहीत!"

मी म्हटलं, "अहो, पण ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

गॅरेज तीन गाड्यांनीच गच्च भरलेलं. त्याच्या भिंतीपलीकडे ठकूची खोली. ठकू म्हणजे आमची एकुलती एक लेक. लग्नाला चार वर्षं झालेली, सासर गाडीनं सहा तासांवर. खोलीत तिचा पलंग, टेबल, कपाट तसंच होतं. "भिंत काढली की चौघी एका रांगेत," हे म्हणाले. "खोली रिकामीच तर आहे."

आता खरं सांगते, लपवून काय करू? त्याच्या दोन महिने आधी ठकूनं मला एकटीला फोन केला होता. जावई म्हणे आठ-आठ दिवस तिच्याशी बोलत नाही. ती जेवायला बसली की ताटावरून उठून जातो. "आई, मी घरात आहे की नाही तेच मला कळेनासं झालंय," म्हणाली. आणि मी काय म्हटलं? "घरोघरी मातीच्या चुली, बाई. जरा समजुतीनं घे." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यानंतरच्या एका रविवारी तिचा फोन आला. आमच्याकडे रविवारचा फोन टेबलावर ठेवून दोघांनी मिळून ऐकायचा असतो. आणि दुसरी एक रीत अशी, की हे गाड्यांबद्दल बोलायला लागले की कुणी मध्ये बोलायचं नाही. ठकू लहानपणापासून ही रीत पाळते. मीच लावलीय तिला.

"बाबा, मला एक विचारायचं होतं," ती म्हणाली.

"विचार की. पण आधी माझं ऐक!" आणि सुटले. लांबी सांगितली, रुंदी सांगितली, कोंबड्या सांगितल्या. दहा मिनिटं झाली, पोरगी नुसती हं हं करतेय. शेवटी हे म्हणाले, "तुझी खोली तेवढी जाईल बघ. पण तुला आता कशाला लागतेय? चालेल ना?"

ह्यांना वाटलं फोन कट झाला. "हॅलो? हॅलो?"

"आहे, बाबा. घ्या की. मला कशाला लागतेय."

"शाब्बास! आता तुझं बोल, काय विचारायचं होतं?"

"काही नाही. आईचा गुडघा कसा आहे, एवढंच."

पोटच्या पोरीचा आवाज मला कळत नाही होय? ती घरी यायचं विचारत होती. तेव्हाच फोन हिसकावून म्हणायचं होतं, ठकू, बॅग भर आणि नीघ. पण तोंडातून निघालं, "बरा आहे गं गुडघा." मी भ्याले. ती आली असती तर लोक विचारणार, विहीणबाईंचा फोन येणार, चार ठिकाणी उत्तरं मलाच द्यावी लागणार. खोलीच नसली की आपोआप मिटेल, असंही कुठेतरी वाटलं. वाटलं, हे आज कबूल करते.

मंगळवारी गवंडी आला. ह्यांनी ठकूचा पलंग भिंतीला सरकवून फरशीवर खडूनं गाडी काढली, अगदी मापात, आणि दारं उघडायला दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट सोडले. कपाट मी रिकामं केलं. कपडे, वह्या, तिचे जुने बूटसुद्धा अकरा खोक्यांत भरले आणि माळ्यावर चढवले. गवंड्यानं वर लोखंडी गर्डर टाकला आणि एका दिवसात भिंत पाडली. खोलीची जमीन गॅरेजपेक्षा अर्धा फूट उंच होती, तीही फोडली. महिन्याभरात चौथी गाडी ढकलत आत आली. हे लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते, आणि मी हसून चहा करत होते.

आठवड्यानं भर दुपारी ठकू दारात. दोन मोठ्या बॅगा.

"चार दिवस आलेय," म्हणाली. चार दिवसांसाठी कुणी कुकर घेऊन येतं का? बॅगेतून त्याचा दांडा बाहेर आला होता. सवयीनं ती सरळ बोळातून गेली, आपल्या खोलीचं दार उघडलं, आणि पाऊल टाकलं ते अर्धा फूट खाली गेलं. मी मागून दंड धरला म्हणून पडली नाही. समोर तोंडावर गाडीचे दिवे.

ती बघत राहिली. मग हसली. "छान बसली की, बाबा."

हे खूश! बॉनेट उघडून सुरूच झाले. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द नाही. बोलता बोलता ह्यांचं लक्ष बॅगांकडे गेलं आणि हे थांबले. माणूस गाडीवेडा आहे, पण मूर्ख नाही.

"ठकू, तू राहायला आलीस?"

"नाही हो, बाबा."

दोन दिवस ती बाहेरच्या सोफ्यावर झोपली, पाहुण्यांसारखी चादर घडी करून ठेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मैत्रिणीजवळ एक खोली मिळतेय, जाते. हे म्हणाले, आज गवंड्याला बोलावतो, भिंत उद्या उभी करतो, गाडी जाऊ दे खड्ड्यात. ती त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तुम्हाला कुठे माहीत होतं, बाबा? तुमचा काही दोष नाही." आणि सहासष्ट वर्षांचा हा माणूस ऑइलच्या फडक्यात तोंड खुपसून रडला.

फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. तिनं बॅग खाली ठेवली.

"आई, त्या रविवारी मी काय विचारणार होते ते तुला कळलं होतं ना?"

हो म्हण, हो म्हण, असं आतून कुणी ओरडत होतं. माफी माग, पाय धर पोरीचे.

"नाही गं," मी म्हटलं. "मला कुठलं कळायला?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि टॅक्सीत बसली.

भिंत पुन्हा बांधली. गिलावा झाला, रंग झाला, पलंग जागेवर आला, अकराही खोकी मी उतरवून कपाट होतं तसं लावलं. चौथी गाडी अंगणात ताडपत्रीखाली आहे, हे तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. ठकू रविवारी फोन करते, गोड बोलते, यायचं म्हटलं की कामं सांगते. मला आता ती काही विचारत नाही.

काल जेवताना ह्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "मीच माझ्या हातानं पोरीचं घर पाडलं गं. तुला तरी काय कल्पना असणार!"

मी म्हटलं, "जेवा. गार होतंय."