डिकीतली पिशवी

माझा नवरा शिरीष नागपूरचा. सत्तेचाळीस अंशांत वाढलेला हा माणूस थंडीला जितका टरकतो, तितका टरकलेला एकही आयरिश माणूस मी पाहिला नाही. नोव्हेंबर लागला की ल्यूकनच्या आमच्या घरात त्याची यादी निघायची आणि गाडीच्या डिकीत भलीमोठी निळी पिशवी जायची. ब्लँकेट, टॉर्च, छोटं फावडं, चाकाखाली टाकायला वाळू, पिवळं चमकणारं जाकीट, रस्त्यावर उभा करायचा लाल त्रिकोण, बिस्किटं आणि आमच्या लेकीचा, रेवाचा, दम्याचा जादाचा इन्हेलर.

"एव्हरेस्टला निघालायस का?" मी दरवर्षी विचारायचे.

"हसून घे," तो म्हणायचा आणि वाळूची पुडी नीट बसवायचा.

२०२१च्या फेब्रुवारीत ती पिशवी मी बाहेर काढली. कारण होतं एक खोकं. माझी मावसबहीण नीलिमा नास या गावात राहते. तिच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण राहिलं होतं. कोविडमुळे भारतातून कुणाला येता येत नव्हतं, आणि मावशीने पाठवलेले हलव्याचे दागिने कुरियरमध्ये अडकून संक्रांत उलटल्यावर पोचले. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण करता येतं, म्हणजे हातात एकच आठवडा होता. मुकुट, हार, बाजूबंद, सगळं साखरेचं. खोकं आडवंच ठेवायला हवं होतं आणि पिशवी मध्ये येत होती. मी ती उचलून जिन्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, टाकली. पुढच्या सीटवर ठेवता आली असती. कंटाळा केला, दुसरं काही नाही.

तेव्हा घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती आणि नास चांगलं वीसच्या पुढे. बोरन्हाण हे कुठल्याच सरकारच्या लेखी अत्यावश्यक काम नसतं, एवढं मला कळत होतं. त्यात आम्ही नुकताच नागरिकत्वाचा अर्ज भरलेला. आमच्या ओळखीच्या पद्माकरने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं की एक दंड जरी झाला तरी अर्ज बोंबलतो. खरं-खोटं कुणी तपासलं नाही, धसका मात्र सगळ्यांनी घेतला. मोठ्या रस्त्यावर पोलीस, म्हणजे इथले गार्ड, गाड्या अडवत होते. म्हणून मी आडवाटेने निघाले. शिरीष लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात कामावर होता. त्याला सांगितलं नाही. त्याने जाऊच दिलं नसतं.

शाळा बंद, म्हणून सहा वर्षांची रेवा मागच्या सीटवर होती. दुपारचे सव्वातीन झाले होते. ऊन होतं, रस्ता कोरडा दिसत होता. एका वळणावर उंच कुंपणाची सावली पडली होती, तिथल्या न दिसणाऱ्या बर्फावर गाडी माझ्या हातातून निसटली. ब्रेक दाबला, चाक फिरवलं, गाडीला काही ऐकूच येत नव्हतं. आम्ही डावीकडे चरात जाऊन तिरके अडकलो. मागे डिकीत काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

"रेवा! लागलं का गं?"

"आयॅम ग्रँड, मम्मी," ती म्हणाली. इथे 'ठीक'ला ग्रँड म्हणतात, पण आवाज बारीक झाला होता.

इंजिन बंद पडलं ते पडलंच. गाडीतली ऊब किती पटकन जाते हे मला तोवर माहीत नव्हतं. शिरीषला दोनदा फोन लावला. कामाच्या जागी ते फोन लॉकरमध्ये ठेवतात, तो सातशिवाय उचलणार नव्हता. मग मी आणीबाणीचे ९९९ हे आकडे दाबले आणि त्यांच्याकडे बघत बसले. गार्ड येणार. पत्ता विचारणार, कुठे निघालात विचारणार. काय सांगू? बाळाला साखरेचा मुकुट घालायला निघाले होते? पाच वर्षं जमवलेले कागद डोळ्यांसमोर आले.

मी आकडे पुसले आणि फोन मांडीवर ठेवला. एखादा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येईल, ओढून काढेल, कुणाला कळणारही नाही, असं स्वतःला सांगितलं.

कुणी आलं नाही. रेवाला खोकला सुरू झाला. मी माझा कोट तिला घातला, नीलिमासाठी घेतलेली काळी साडी काढून तिच्या भोवती गुंडाळली. थंडीत काळं नेसावं म्हणतात ना. आरशात बघितलं तर तिचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. मग ती शिट्टी सुरू झाली, तिच्या छातीतली, जी ऐकली की आम्ही दोघं अंथरुणातून उडी मारून उठतो. रोजचा इन्हेलर स्वयंपाकघरात होता. जादाचा जिन्याखाली.

"मम्मी, माय पफर," ती म्हणाली.

मी पर्स उलटी केली. नाही हे माहीत असूनही सगळे कप्पे उघडले. उजेड उतरत चालला होता, आम्ही वळणावर, मागे त्रिकोण नाही, आणि एखादी गाडी तशीच घसरत आली तर रेवाच्याच बाजूला आदळणार होती. तरीही मी घड्याळाकडे बघितलं आणि अजून पाच मिनिटं थांबले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पाच मिनिटं संपली तेव्हा रेवा बोलायची थांबली होती. तिचे ओठ मला जांभळे दिसले.

मग मात्र फोन लावला. मी ओरडत होते, पत्ता सांगता येत नव्हता, आणि पलीकडची बाई शांतपणे जवळची खूण विचारत होती. एक पडकं चर्च आणि घोड्यांचं फाटक एवढंच मला आठवलं. तेवढ्यावर त्यांनी शोधलं.

गार्डची गाडी आधी आली, मागोमाग ॲम्ब्युलन्स. रेवाच्या तोंडावर मास्क लागला, त्यातून वाफ येऊ लागली, आणि हळूहळू खांदे खाली आले. गार्ड वयस्कर होता. ब्लँकेट असेल म्हणून त्याने माझी डिकी उघडली आणि पांढऱ्या चुऱ्याकडे बघत राहिला. मुकुटाचा एक तुकडासुद्धा धड नव्हता.

"कधी घडलं हे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"आत्ताच," मी म्हणाले. "दहा मिनिटं झाली असतील."

खरं म्हणजे पन्नासच्या वर मिनिटं झाली होती. मास्कवरून रेवाचे डोळे माझ्याकडे वळले. गार्डने पत्ता लिहून घेतला, पाच किलोमीटरबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि रेवाच्या डोक्यावर हात ठेवून लाडाने म्हणाला, "यू आर ग्रँड, पेट." दंड वगैरे काहीच आला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून तिला घरी आणलं. शिरीष मला एक शब्दही रागाने बोलला नाही. जिन्याखालची पिशवी त्याने काढली, इन्हेलर तपासला, परत ठेवला. त्याने मला धरून हलवलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, "फोन लगेच लावलास ना?"

सोफ्यावर काळ्या साडीत गुरफटून बसलेली माझी लेक, जी गप्पांमध्ये दिवसाचा तास न् तास सांगते, टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "स्ट्रेट अवे, डॅडी. मम्मी रँग स्ट्रेट अवे."

शिरीषने मान डोलावली आणि पिशवी घेऊन तो गाडीकडे गेला.