रेडिओ आणि आरशातली बाई

लिफ्ट बंद पडली होती, म्हणून आम्ही चौघं तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर दम खात बसलो होतो. पैज तिथेच लागली.

चौघं म्हणजे एक मी, किल्लीवाला, मित्रांचा 'किल्ल्या'. कोपऱ्यावर माझी टपरी आहे. दुसरी औषधाच्या दुकानातली ताई, आणि तिच्या खालच्या पायरीवर रेडिओ आणि त्याची बायको. रेडिओ आमच्या गल्लीतला सलूनवाला. खुर्चीत माणूस बसला की हा सुरू व्हायचा, थेट टॉवेल झटकेपर्यंत. कोणाचं लग्न जमलं, कोणाचं फिसकटलं, कोणाच्या नळाला पाणी येत नाही, सगळ्या बातम्या तिथेच मिळायच्या. गेले अडीच महिने मात्र रेडिओ बंद होता. वस्तरा धरला की हात थरथरायचा, म्हणून दुकानाचं शटर खाली. हाताचं सगळ्यांना ठाऊक होतं. तोंड का बंद पडलं, ते कोणालाच कळत नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात नसांना काही झालेलं नाही," वहिनी म्हणाली, "कोणाशी तरी मन मोकळं करा म्हणतात."

"फोनवर समुपदेशक मिळतात हो," ताई म्हणाली. "घरबसल्या. समोर दिसतात, पाऊण तास बोलायचं."

"हा?" मी म्हणालो. "हा गल्लीबद्दल तीन दिवस बोलेल. स्वतःबद्दल पाऊण तास बोलला तर मी मिशी काढीन."

आता माझी मिशी म्हणजे बावीस वर्षांची. मी कोपऱ्यावर पोचायच्या आधी ती पोचते. रेडिओने मान वर केली, पण माझ्याकडे न बघता, जिन्याच्या खिडकीच्या काचेत बघत विचारलं, "काढणार कोण?"

आठवड्यातले त्याचे पहिले शब्द.

"तूच. तुझ्या वस्तऱ्याने. चौकात खुर्ची टाकून."

त्याने मांडीवरच्या हाताकडे बघितलं. "आणि मी हरलो तर?"

"तर आठवडाभर माझ्या टपरीसमोर उभं राहून ओरडायचं, 'किल्ल्या करून मिळतील'."

वहिनी हसली. तिचं हसू जिन्यातून घरंगळत तळमजल्यापर्यंत गेलं आणि वाट चुकल्यासारखं परत वर आलं. खरं सांगतो, ही पैज मला हरायची होती. पण तसं तोंडावर दिसलं असतं तर रेडिओ तयार झाला नसता. तो माझा मित्र आहे, म्हणजे माझ्यासारखाच आडमुठा.

दुसऱ्या दिवशी ताईच्या काउंटरवर फोन उभा करून आम्ही माणूस शोधायला बसलो. पडद्यावर गोल गोल चेहरे, एकाखाली एक, संपतच नव्हते. माझ्या टपरीच्या फळीवर किल्ल्या लटकतात ना, तसे. वाऱ्याने हलतील असं वाटत होतं.

"याला पाच तारे आहेत," वहिनी म्हणाली.

"सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय," मी म्हणालो. "आणि हा बघा, तीन दिवसांत सगळ्या चिंता घालवतो म्हणे. मीसुद्धा एका जत्रेत सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली विकली होती. संध्याकाळच्या आत गाव सोडावं लागलं."

"शिक्षण बघा आधी," ताई म्हणाली. "नोंदणी आहे का विचारायचं, फी किती ते विचारायचं. लाजायचं काय त्यात? आणि नाही पटला तर सरळ दुसरा."

"एवढं कशाला? पडद्यामागे मीच बसतो. तुमचा चष्मा लावतो, आवाज जड करतो."

"तुमच्याकडून बरा होण्यापेक्षा तो आहे तसा बरा," ताई म्हणाली आणि फोन माझ्यापासून लांब सरकवला.

घरी भिंती पातळ, म्हणून बोलायची जागा ठरली रेडिओचं दुकान. दुपारची वेळ, शटर गुडघ्यापर्यंत खाली. पैजेचा पंच म्हणून मी बाहेरच्या पायरीवर. ऐकायचं नाही, म्हणून ताईने स्वतःच्या हाताने माझ्या दोन्ही कानांत कापूस कोंबला. मला फक्त शटरखालून रेडिओचे पाय दिसायचे. कानात कापूस असला की दुपारची गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी होते. सायकलवाला घंटी वाजवतो, अंगठा हलताना दिसतो, आवाज नाही. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकतं आणि ती सावकाश, अगदी सावकाश खाली येते.

पहिला समुपदेशक अकरा मिनिटं टिकला. पाय बाहेर आले. मी कापूस काढला.

"काय झालं?"

"त्याचा डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्धं बोट लांब होता," रेडिओ म्हणाला. "तो म्हणे, दुःख एक ते दहामध्ये किती. मी म्हटलं, आधी तो कल्ला."

दुसरी एक बाई. चांगली होती म्हणे, मऊ बोलायची. तिने याच्या कामाबद्दल विचारलं आणि घोळ झाला. अर्ध्या तासात दोघं तिच्या गळणाऱ्या केसांवर येऊन पोचले. शेवटी तिनेच हसून कबूल केलं की आज तुम्हीच मला तपासलंत, आणि आजची फी नको म्हणाली.

तिसरा शांत बसणारा होता. तुम्हाला वाटेल तेव्हा बोला, म्हणाला. रेडिओला वाटलं नाही. दोघंही पाऊण तास एकमेकांकडे बघत बसले. बाहेर आला, मी कानातला कापूस काढला, तसा रेडिओ म्हणाला, "पाऊण तास झाला."

"गप्प बसलेलं धरत नाही."

"तसं ठरलं नव्हतं."

"बोलायचं ठरलं होतं रे, बोलायचं," मी म्हणालो. तो पायरीवर माझ्याशेजारी बसला.

"सोड रे, किल्ल्या," तो म्हणाला. "माझ्यात बोलण्यासारखं काही नाहीच बहुतेक. मला रोज एकच स्वप्न पडतं. मी केस कापतोय. गिऱ्हाईकं भिंतीकडे तोंड करून बसलीत, ओळीने, लांबपर्यंत. भिंतीला आरसा नाही. कापून झाल्यावर मी विचारतो, कसं झालं. कोणाला काही दिसतच नाही, तर सांगणार काय?" मग म्हणाला, "रविवारी एक माणूस येतोय. खुर्च्या बघायला. दोन्ही देऊन टाकतो."

सलूनमध्ये खुर्च्या दोन. दाराजवळची याची. आतली याच्या थोरल्या भावाची. एकोणीस वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आठ महिन्यांपूर्वी भाऊ गेला. तेव्हापासून आतल्या खुर्चीवर याने कोणाला बसू दिलं नव्हतं. त्या खुर्च्या गेल्या असत्या तर रेडिओ उठून परत दुकानात गेला नसता. ते वहिनीला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

माझ्याकडे लोक कुलूप घेऊन येतात आणि म्हणतात, किल्ली दे. मी आधी किल्ल्यांना हात लावत नाही. कुलपाच्या भोकात डोळा घालून बघतो. त्या संध्याकाळी ताईच्या काउंटरला टेकून मला एकदम वाटलं, आपण तीन दिवस किल्ल्याच बघत बसलोय.

"ताई, रेडिओने तुमच्याकडे सरळ बघितलंय कधी?"

ताईने विचार केला. "माझ्या मागच्या काचेच्या कपाटात बघतो. मला वाटायचं औषधं वाचतो."

"माझ्याकडेही नाही. वीस वर्षं झाली. चहा पितानासुद्धा किटलीत बघून बोलतो."

"तुमच्याकडे कोण बघेल?" ती म्हणाली, पण तिने फोन पुढे ओढला. वहिनीला विचारून चार नव्या समुपदेशकांना एकच निरोप लिहिला: माणूस सलून चालवतो. भाऊ वारला आहे. हात थरथरतो. समोरच्या माणसाकडे बघून बोलता येत नाही.

तिघांनी वेळ आणि फी कळवली. चौथ्या बाईंनी एकच ओळ पाठवली: मग कुठे बघून बोलता येतं?

"हीच," ताई म्हणाली. मग तिने त्यांचं शिक्षण आणि नोंदणी दोनदा तपासली, कारण ती ताई आहे.

शुक्रवारी दुपारी मी परत पायरीवर. कापूस आत. शटरखाली रेडिओचे पाय दाराजवळच्या खुर्चीसमोर आले. बसले. एक पाय दुसऱ्यावर चढला, उतरला. मी मनात म्हटलं, गेली ही पण. उन्हाचा पट्टा शटरखालून आत सरकत होता आणि त्याच्या चपलेच्या अंगठ्याला लागला होता.

मग ते पाय उठले. दोन पावलं चालले. आतल्या खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले, जरा फाकून, जसा सलूनवाला उभा राहतो. टाचा टेकलेल्या.

बराच वेळ काही हललं नाही. आता मी काही साधुसंत नाही. मी डाव्या कानातला कापूस काढला. शब्द लागले नाहीत. आतून नुसती गुणगुण येत होती, चढत उतरत, मध्येच अडकत, परत सुरू. तो आवाज मी अडीच महिने ऐकला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा, चोरून ऐकायची संधी हातात असताना, मी कापूस परत कानात घातला.

ऊन चपलेवरून घोट्यावर चढलं, घोट्यावरून पुढे गेलं. गल्लीतलं कुत्रं माझ्या पायाशी येऊन झोपलं आणि झोपेत पळायला लागलं. मलाही डुलकी लागली असावी, कारण मला आत चार पाय दिसले, दोन दाराजवळच्या खुर्चीमागे, दोन आतल्या. डोळे चोळले तर दोनच.

एक तास दहा मिनिटं झाली तेव्हा शटर वर गेलं. मी कापूस काढला. रेडिओचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. कदाचित धुतलाही असेल.

"तिने विचारलं, रोज कुठे उभे राहता," तो म्हणाला. "मी म्हटलं, खुर्चीमागे. म्हणे, मग तिथे का नाही उभे राहत, मला खुर्चीत बसवा की. मी फोन भावाच्या खुर्चीत ठेवला, पाठीला टॉवेल लावून, आरशाकडे तोंड करून. म्हणे, मी आरशात दिसते का. मी म्हटलं, दिसता. म्हणे, तुम्हीपण दिसता, बोला."

"आणि बोललास?"

"तुला काय करायचंय?" मग दुकानाच्या काचेत बघत म्हणाला, "भाऊ आणि मी एकोणीस वर्षं आरशातच बोललो रे. तो तिथून बघायचा, मी इथून. भांडलोसुद्धा आरशात. शेवटी दवाखान्यात होता, चार दिवस. त्या खोलीत आरसा नव्हता. मी भिंतीकडे बघत बसलो. तोही. चार दिवस एक शब्द नाही." त्याने शटरला हात लावला, पण खाली ओढलं नाही. "तेच सांगितलं तिला. तेवढंच होतं. पण सांगायला तास लागला."

मी कापसाचे बोळे खिशात टाकले.

रविवारी खुर्च्या बघायला माणूस आला. रेडिओने त्याला आतल्या खुर्चीत बसवलं, हेडरेस्ट वरखाली करून दाखवला आणि म्हणाला, विकायच्या नाहीत. तो माणूस चक्रावून गेला. मी त्याला चहा पाजला.

मग शुक्रवारमागून शुक्रवार बाई आरशात बसायला लागल्या. रेडिओने कात्री धरली, केस कापायला लागला. वस्तऱ्याला मात्र हात लावत नव्हता. मी दुकानासमोरून जाताना मिशीला पीळ द्यायचो.

"पैज जिंकलास ना? मग वसूल कर. का घाबरलास?"

"राहू दे. तुझी मिशी बरी दिसते."

"वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणालास."

सहाव्या शुक्रवारी त्याने बाईंना म्हणे पैजेचं सांगितलं, आणि हात अजून थरथरतो हेही. त्यांनी विचारलं, हे खुर्चीत बसणाऱ्याला माहीत आहे का? असेल, तर बसायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

रविवारी सकाळी तो टपरीवर आला. "किल्ल्या, हात थरथरतो."

"माहीत आहे."

"कापू शकतं."

"माहीत आहे म्हटलं ना. खुर्ची कुठेय?"

आतली खुर्ची आम्ही दोघांनी उचलून चौकात आणली. चारही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. माझी बायको खाली आली आणि पहिल्या रांगेत उभी राहिली. ती कितीतरी वर्षं या दिवसाची वाट बघत होती, हे मला तेव्हा कळलं. ताईने कापूस आणि तुरटी आणली होती. दुकानातला मोठा आरसा भिंतीवरून निघेना, म्हणून वहिनी हातातला आरसा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. आरशात मी, माझ्यामागे रेडिओ, त्याच्यामागे आख्खी गल्ली आणि वर आभाळाचा एक तुकडा, थोडा हलणारा, कारण वहिनीचा हात दुखत होता.

रेडिओने फेस लावला. वस्तरा उघडला. हात थरथरला, सगळ्यांनी बघितलं.

"तिसऱ्या मजल्यावरच्यांचं कळलं का तुला?" त्याने आरशातल्या मला विचारलं.

"काय?"

"हलू नकोस. घर बदलतायत," तो म्हणाला, आणि वस्तरा डाव्या बाजूने खाली आला. काळापांढरा पुंजका टॉवेलवर पडला. मागे कोणीतरी शिट्टी वाजवली. रेडिओ बोलतच राहिला, कोण कुठे जातंय, का जातंय, भाडं किती, आणि डावी बाजू कधी संपली ते मला समजलंच नाही.

उजव्या बाजूला तो अडला. मागून हात पोचेना, मला तिथे एक जुनी खोक आहे, ओठ ताणून धरावा लागतो. तो खुर्चीला वळसा घालून पुढे आला. आता आरसा त्याच्या पाठीमागे गेला. वहिनीने तो बाजूला सरकवायचा प्रयत्न केला, तर त्याने मान हलवली.

वाकून त्याने माझ्याकडे बघितलं. सरळ. मीच आधी डोळे मिटायला गेलो.

"डोळे उघड," तो म्हणाला. "कळायला नको, दुखलं तर?"

वस्तरा लागला. थोडंसं कापलं, चुरचुरलं. रक्ताचा थेंब त्याने बघितला, थांबला, आणि माझ्याकडे बघतच विचारलं, "लागलं का?"

"हो. लागलं."

"बरं," तो म्हणाला, ताईच्या हातातली तुरटी घेऊन ओठावर दाबली आणि उरलेली चार केसांची ओळ काढून टाकली. मग टॉवेल झटकला, गल्लीच्या बाजूला, आणि माझी मिशी वाऱ्यावर उडून कोणाकोणाच्या अंगावर पडली.